पलीकडच्या काठावरचा रानपिंगळा

नेरच्या शाळेत शिकवणारी दीपा टिपेश्वर अभयारण्यातल्या पक्षीगणनेला आली होती ती एकाच पक्ष्यासाठी. रानपिंगळा, रानातलं दुर्मीळ छोटं घुबड! पाच वर्षांपूर्वी याच सागवानात तिने त्याचा आवाज ऐकला होता, आणि पक्षीमित्र धम्मरत्नने चारचौघांत हसून तिला खोटं पाडलं होतं. तो सल अजून गेला नव्हता. आज फोटो हवाच होता.

नाल्याशी पोचताच तिने मोबाइलवर रानपिंगळ्याचा आवाज लावला.

"मॅडम, हे नियमात नाही बसत," सोबतचा वनमजूर गोविंदा कुरकुरला.

"एकदाच, गोविंदाभाऊ!"

आणि पलीकडच्या काठावरून उत्तर आलं. ओऊ... ओऊ! दीपाने आनंदाने मूठ आवळली. तिने पुन्हा लावला, पुन्हा उत्तर आलं. दोघं घाणेरीच्या जाळीत घुसली. बाही फाटली, हात ओरबाडले. पण आवाज एकदा उजवीकडून, एकदा समोरून! पिंगळा असा चालत कसा येईल? दीपाचं डोकंच चालेना.

"मलेही काही समजून नाही राह्यलं," गोविंदा जवळच्या सातभाई पक्ष्यांच्या थव्याकडे बोट दाखवत म्हणाला. "पिंगळा असता तं या सातभाईयनं कल्ला करून त्याले हाकललं असतं. हे तं मुकाट किडे वेचून राह्यले."

तेवढ्यात मातकट सातभायांचा तो थवा एकदम भडकला. कलकलाट! पण ते वर बघत नव्हते. खाली, नाल्यातल्या गवताकडे बघत होते.

गवत हललं. पट्टे दिसले. वाघीण!

त्याच क्षणी समोरच्या काठावर निळी टोपी उगवली. धम्मरत्न! हातात मोबाइल, आणि मोबाइलमधून ओऊ... ओऊ! आपल्या वनमजुराला मागे टाकून, झाडांच्या शेंड्यांवर डोळे लावून तो सरळ गवताकडे उतरत होता. दीपाच्याच मोबाइलमधल्या पिंगळ्याच्या मागावर!

ओरडलं तर या भागातला खरा पिंगळाही उडून जाणार. जाऊ दे!

"धम्मरत्न, थांब! वाघीण!"

तो थिजला. गोविंदाने काठी खडकावर हाणली. खाड! खाड! वाघीण गुरगुरली, तिने दोन्ही काठांकडे पाहिलं आणि नाल्यानाल्याने निघून गेली.

बऱ्याच वेळाने धम्मरत्न अलीकडे आला.

"दीपाताई, पाच वर्षांमांगंही मीच मोबाइल लावला होता. म्हणून हासलो. सांगाची हिंमतच नाही झाली."

दीपाला रागवावं की रडावं कळेना. पाच वर्षं जिवापाड जपलेला पक्षी मोबाइलमधला! तिने गणनेच्या कागदावर रानपिंगळ्यापुढे शून्य लिहिलं.

ओऊ... ओऊ!

"बंद कर ना आता!" ती खेकसली.

धम्मरत्नने मोबाइल पुढे धरला. बंद होता. तिने आपला पाहिला. तोही बंद. दोघं खुळ्यासारखी एकमेकांकडे बघत राहिली.

सातभाई पुन्हा कलकलू लागले होते.

"मॅडम," गोविंदा हळूच म्हणाला, "आता वर पाहून राह्यले ते."