सोडा म्हटल्याशिवाय

शुभंकर, तो मोबाइल आधी उलटा ठेव. लाइट गेलेत म्हणून गच्चीवर आलोय, तर निदान अंधाराचा मान राखा. आणि अपेक्षा, तू हसू नकोस. तुला भूत म्हटलं की पिंपळच आठवतो. ही गोष्ट खराडीतल्या एसी खोलीतली आहे, स्वच्छ पुसलेल्या फरशीवरची.

श्यामसुंदर माझ्या हाताखाली शिकलेला. मी दवाखान्यांची मशिनं दुरुस्त करायचो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पुढे तो कॅन्सरच्या एका सेंटरमध्ये लागला. तिथे पोट न कापता आतली गाठ जाळतात. लहानपणी भिंगाने ऊन धरून कागद जाळायचो ना, तसंच. फक्त उन्हाऐवजी आवाजाच्या लाटा, आपल्या कानाला ऐकू न येणाऱ्या. आत नेमकं कुठे जळतंय ते सोनोग्राफीच्या पडद्यावर बघायचं. जळलेली जागा पांढरी दिसते. बटण डॉक्टरांच्या हातात, पण पडद्यावरचे डोळे श्यामसुंदरचे. माइकही त्याच्याकडेच, कारण लिव्हर श्वासाबरोबर खालीवर होतं. तो सांगणार, "श्वास धरा." पेशंट धरणार, डॉक्टर जाळणार. मग हा म्हणणार, "सोडा." दिवसभर हेच.

तारीख सांगतो. दोन डिसेंबर, दोन हजार चोवीस, सोमवार. अमावास्या आदल्याच दिवशी होऊन गेली होती, तेव्हा तिच्यावर काही ढकलता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पेशंट होता. मशीनच्या टाकीतल्या पाण्यातून आदल्या रात्रीच हवा काढून ठेवावी लागते. बुडबुडे राहिले तर चित्र बिघडतं. हे काम खरं मदतनिसाचं, पण तो लग्नाला गेलेला. म्हणून श्यामसुंदर लवकर जेवून वारज्याहून निघाला, साडेआठला पोचला, पंप लावला आणि खोलीच्या मधल्या काचेच्या अलीकडे पडद्यासमोर बसला.

आता त्याआधीचं थोडं. हे त्याने मला नंतर सांगितलं, पण तुम्हाला आत्ताच कळलेलं बरं.

मांजरी गावचे हिंदुराव म्हणून एक पेशंट होते. वय सत्तर, लिव्हरमध्ये गाठ. गावात वजन असलेला माणूस, पण मशीनवर झोपला की अगदी आज्ञाधारक. पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुमी सोडा म्हनल्याबिगर मी सोडायचो न्हाई, सायेब. काळजी नको."

ऑक्टोबरात, शेवटच्या दिवशी, श्यामसुंदरने "धरा" म्हटलं आणि पांढरं का उमटत नाही ते बघण्यात गढून गेला. "सोडा" म्हणायचं विसरला. म्हाताऱ्याने श्वास धरला. धरूनच ठेवला. शेवटी जीव घाबरा होऊन त्यांनी एकदम हवा ओढली, आतलं सगळं हललं, आणि पांढरा ठिपका भलत्याच जागी उमटला. आतड्यावर. डॉक्टरांचं लक्ष आकड्यांकडे होतं. पाहिलं एकट्या श्यामसुंदरने. आणि त्याने नोंद काय केली? "रुग्णाने सूचना पाळली नाही."

आतड्याला भोक पडलं, पोटात विष पसरलं, तीन आठवड्यांत हिंदुराव गेले. जाईपर्यंत मुलगा विक्रम बापाला सुनावत होता, एवढं साधं ऐकता आलं नाही का तुम्हाला? मला त्या नोंदीचा आजही राग येतो. चूक कुणाकडूनही होते. पण ती पेशंटच्या गळ्यात घालायची?

तर सोमवार. रात्रीचे दहा चाळीस. पाणी तयार झालं होतं. पलंग रिकामा. अशा वेळी पडदा काळा दिसतो. नुसतं पाणी, दुसरं काय दिसणार?

पडद्यावर काहीतरी करडं आलं.

त्याला वाटलं, बुडबुडे असतील. उठून पंप तपासला. ठीक होता. परत येऊन बसला. करड्याला आता कड आली होती. लिव्हरची कड. खाली… वर… खाली… वर…

कुणीतरी श्वास घेत होतं.

त्याने काचेतून पलंगाकडे पाहिलं. चादरसुद्धा घातलेली नव्हती.

आणि मग त्याने काय केलं असेल? अरे, इतक्या वर्षांची सवय. हात आपोआप माइककडे गेला. तोंडातून निघालं, "श्वास धरा."

चित्र थांबलं.

…

एक मिनिट. दोन.

गाठ त्याने ओळखली. दिवसचे दिवस पाहिलेली.

"सोडा," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, मोठ्याने. "सोडा, काका."

चित्र हललं नाही.

त्याने मशीन बंद केलं. दिवे विझले. पंप थांबला. पडदा… पडदा तसाच.

तीन मिनिटं. चार.

…

काय अपेक्षा? जवळ सरकून बस हवं तर.

श्यामसुंदरला रडू फुटलं. बंद माइकवर तोंड ठेवून तो म्हणाला, "तुम्ही ऐकलं होतंत, काका. सगळं ऐकलं होतंत. मीच बोललो नाही. आत्ता जातो, विक्रमला सांगतो. सोडा."

कड हळूच वर सरकली. लांब श्वास सुटावा तशी. मग पडदा काळा झाला.

सव्वाअकराला तो मांजरीत होता. विक्रमने दार उघडलं. श्यामसुंदरने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं, नोंदीसकट. विक्रमने त्याची कॉलर धरली. मारलं नाही. बराच वेळ नुसती धरून ठेवली.

"लेखी देनार?"

"देतो."

दिलंही त्याने. सकाळचा पेशंट दुसऱ्याने केला, याची नोकरी गेली, पुढे चौकशी झाली. ते असो.

विक्रमने कॉलर सोडली आणि त्याला आत नेलं. भिंतीवर हिंदुरावांचा फोटो होता. खाली त्यांची बायको बसलेली, टक लावून वर बघत. म्हणाली, मघाशी अकराच्या आधी झालं हे.

फोटोच्या काचेवर वाफ धरली होती. ओंजळीएवढी. बरोबर तोंडासमोर.

"पुसून बघा," विक्रम म्हणाला.

श्यामसुंदरने रुमालाने पुसलं. वाफ गेली नाही. ती काचेच्या आतून होती.