गुपचूपताईची पाटी

पहिल्याच भेटीत तिने त्याच्या तोंडावर चक्क हात ठेवला. ना ओळख, ना पाळख!

झालं असं, की मुलांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात, जिन्याच्या वळणावर तो समोर आला. एका हातात निथळती छत्री, दुसऱ्या हातात सहा वर्षांची भाची. म्हणाला, “मॅडम, आमच्या बिट्टीला घरी ते जे करायला सांगितलंय ना, ते—” पुढचा शब्द बाहेर पडायच्या आत तिचा हात पोचला होता. भाची खिदळली. मॅडमचे कान लाल झाले, पण हात काढायला तिने जरा उशीरच केला. हे दोघांच्याही लक्षात आलं.

मग तिने समजावून सांगितलं. बिट्टीचा डावा डोळा आळशी होता. डोळा तसा ठीक, पण मेंदू त्याच्याकडून काम करून घेत नव्हता. अशा वेळी चांगल्या डोळ्याला अडवायचं, म्हणजे आळशी डोळा झक मारत कामाला लागतो. काही मुलांच्या चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी लावत, काहींच्या डोळ्यात धूसर दिसायचे थेंब घालत, आणि यातलं जास्त गुणकारी काय याचा दवाखान्यात शास्त्रीय अभ्यास चालला होता. नजर मोजायचं काम तिचं. कुठल्या मुलाला काय दिलंय हे मात्र तिला मुळीच कळता कामा नये. कळलं की मन झुकतं, आणि एखाद्या लेकराला ‘पुन्हा बघ बरं’ असं एकदा जास्त म्हटलं जातं.

“म्हणजे तुमच्याशी बोलायचंच नाही?” त्याने विचारलं.

“उपचारांचं सोडून काहीही बोला.”

“मग प्रश्नच मिटला. मला त्यातलं काही कळत नाही.”

तपासणीच्या खोलीत मुलं शिरली की ती ओठांवर बोट ठेवायची, म्हणून बिट्टीने तिला गुपचूपताई करून टाकलं. मामाने लगेच बजावलं, “मी मात्र ताई म्हणणार नाही हं. आधीच सांगून ठेवतो.”

तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. बिट्टीच्या आईची कामाची पाळी असायची, त्यामुळे दर तपासणीला मामाच हजर. नखांत कधी निळा रंग, कधी पिवळा. भाची एक डोळा झाकून अक्षरं वाचत असे आणि हा मागे उभा राहून भिंतीवरच्या तक्त्याला नावं ठेवत असे. अमक्या अक्षराचं पोट सुटलंय, तमकं उपाशी दिसतंय... तिला हसू आवरत नसे. तपासणीच्या दिवशी ती केस दोनदा विंचरायला लागली, आणि ते कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून उगाच कपाळाला आठ्या घालून बसायला लागली.

एकदा तो म्हणाला, “समोर चहा बरा मिळतो म्हणे.”

“अभ्यास संपू दे,” ती म्हणाली.

“थांबतो की. रंग वाळायची वाट बघायची सवय आहे मला.”

आणि तो खरंच थांबला असता. पण एका संध्याकाळी ती साबण घ्यायला बाजारात गेली, तर समोरून कुणा शेजाऱ्याच्या सायकलच्या दांडीवर बसून बिट्टी येत होती. उजव्या डोळ्यावर पट्टी, पट्टीवर मामाने रंगवलेला गुबगुबीत मासा. “गुपचूपताई!” करून पोरगी ओरडली, मग आठवलं तशी तिने झटकन माशावर हात ठेवला. व्हायचं ते होऊन गेलं होतं.

ती रात्रभर तळमळली. बोलावं तर बिट्टी दुसऱ्या खोलीत जाणार, म्हणजे तोही जाणार. गप्प बसावं तर मोजमापावर विश्वास कोणी ठेवायचा? सकाळी तिने वरच्या डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि बिट्टीची तपासणी दुसरीकडे लावून दिली.

पुढच्या खेपेला तो सवयीने तिच्याच दाराशी आला. काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिने शेजारच्या खोलीकडे बोट केलं.

“आमचं काही चुकलं का?” तो हळूच म्हणाला.

एका वाक्याचं काम होतं. पण नियम आडवा येईल असं तिला वाटलं, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली... की बोलायला लागले तर एका वाक्यावर थांबणार नाही. तिने ओठांवर बोट ठेवलं.

तो हसला. पुढचं काहीतरी येईल म्हणून थांबला. मग म्हणाला, “बरं,” आणि ते गुंडाळलेलं तसंच काखेत घेऊन वळला. त्यानंतर बिट्टीबरोबर तिची आई यायला लागली.

अभ्यास संपला त्या दिवशी तिने डॉक्टरबाईंना घाबरत विचारलं, आता मुलांच्या घरच्यांशी बोललं तर चालेल ना? त्या चष्म्यावरून बघत राहिल्या. “नियम उपचारांचा होता गं. चहा प्यायला कोणी मना केलं होतं?”

ती तडक त्याच्या दुकानात गेली. त्याने कुंचला बाजूला ठेवला, स्टूल पुसून दिलं. तिने एका दमात सांगून टाकलं की त्या संध्याकाळी पट्टी दिसली, म्हणून खोली बदलली.

“एवढंच?” तो म्हणाला.

“एवढंच.”

“मला वाटलं, तुम्हाला नकोय. म्हणून मग... आलोच नाही.”

“हवं होतं,” ती म्हणाली. “फार हवं होतं. मी—”

आतून एका बाईचा आवाज आला, पाहुण्यांच्या चहात साखर किती? त्याने ओठांवर बोट ठेवलं. तिचीच लकब, पण या वेळी कोणी हसलं नाही. मग अगदी हलक्या आवाजात त्याने सांगितलं की पुढच्या महिन्यात लग्न आहे. त्याची होणारी बायको बाहेर आली, गोड होती, आणि तिघांनी मिळून चहा घेतला. निघताना त्याने माळ्यावरून ते गुंडाळलेलं काढून दिलं. “तुमचंच आहे,” म्हणाला.

ती एक पाटी होती. ओठांवर बोट ठेवून हसणारी एक मुलगी, आणि खाली ‘गुपचूप’. तिने ती आपल्या खोलीच्या दारावर लावली.

काही महिन्यांनी बिट्टी नेहमीच्या तपासणीला आली, आता पट्टीशिवाय. दाराशीच थबकली, उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि डाव्या डोळ्याने पाटीकडे बघत राहिली.

“ताई, खाली कोपऱ्यात बारीक लिहिलंय.”

तिला माहीत होतं. रोज येताजाता ती तेवढंच वाचत होती. “वाचता येतंय तुला?”

“अभ्यास... संपल्यावर... बोला.” बिट्टीने हात काढला आणि तिच्याकडे पाहिलं. “मामाचं अक्षर आहे. मग, बोललीस का गं तू?”

“बोलले,” ती म्हणाली, “जरा उशिरा.” आणि तक्त्यावरचा दिवा लावायला वळली.