बावन्न हजार माइल्सचा प्रवासी

खासगी गुप्तहेर मुनीब हद्दादीनच्या कचेरीत हाज्जा सुहैला शिरल्या तेव्हा त्यांच्या हातात बिऱ्हाड मावेल एवढी पर्स होती आणि डोळ्यांत पाणी. पर्स त्यांनी टेबलावर आपटली. टेबलाचा एक पाय तेव्हापासून आखूड आहे. विश्वास नसेल त्याने अम्मानला जाऊन मोजून यावं.

"माझी नात चोरली हो," त्या म्हणाल्या.

कोपऱ्यातल्या खुर्चीत पेंगणारे अबू गालेब ताडकन उठले. हे मुनीबचे जोडीदार. एकोणतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला, त्यामुळे अर्धं शहर त्यांना 'उस्ताद' म्हणे. जगातली कोणतीही नदी ते डोळे मिटून सांगत. स्वतःचा चष्मा मात्र मुनीबला शोधून द्यावा लागे.

"केवढी आहे नात?" त्यांनी विचारलं.

"अजून जन्मायची आहे!"

मुनीबने कॉफी पुढे सरकवली. शिडशिडीत माणूस, नाक लांब, बोलणं आखूड. "सावकाश सांगा, हाज्जा."

हाज्जांची एकुलती एक मुलगी सीरीन माँट्रियलला. तीन आठवड्यांत बाळंत होणार. नवरा मालवाहू जहाजावर, सासू देवाघरी. बाळंतिणीला चाळीस दिवस आईचा हात हवा, आणि आई इथे अम्मानला.

"अकरा वर्षं भरतकामाचे झगे घेऊन आखातात फिरले," हाज्जा म्हणाल्या, "पण हुदहुद एअरवेजशिवाय दुसऱ्या विमानात पाय ठेवला नाही. का? तर त्यांचे माइल्स साठवायचे आणि एक दिवस लेकीकडे फुकट जायचं. ब्याण्णव हजार झाले होते. माँट्रियलला जाऊन-येऊन ऐंशी लागतात. काल तिकीट काढायला बसले, तर शिल्लक चाळीस!"

"म्हणजे बावन्न हजार गेले. कधी?"

"गेल्या आठवड्यातल्या गुरुवारी, सकाळी सव्वादहाला. कुणीतरी माझ्या माइल्सवर तिकीट काढलंय. प्रवाशाचं नाव कंपनी सांगत नाही. म्हणते, पोलिसांत जा. घरातला माणूस पोलिसांत दिला, तर शुक्रवारच्या जेवणाला मी काय भिंतींना वाढू?"

"घरातलाच कशावरून?"

"पासवर्ड फ्रिजवर चिकटवलाय. कोड माझ्या मोबाइलवर येतो. गुरुवारी सकाळी मी द्राक्षाची पानं भरत बसते, हात कोपरापर्यंत तांदळात. मोबाइल ओट्यावर. तिघंजण स्वयंपाकघरात ये-जा करत होते. माझा धाकटा भाऊ शुक्री, माझी नणंद हैफा आणि माझा भाचा मुहन्नद. आणि तिघांचेही प्रवास ठरलेत!" त्यांनी नाक पुसलं. "चोर मुहन्नदच. दिवसभर माइल्स, माइल्स. काल त्याला सांगितलं, माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

हाज्जांनी पर्स मांडीवर ओढली. मग हळूच म्हणाल्या, "तो रडला हो. चोर रडतात का?"

मुनीब उठला आणि त्याने टोपी घातली.

हाज्जांच्याच इमारतीत तळमजल्यावर शुक्री राहायचा. पडद्यांचा दुकानदार, वय एक्कावन्न, लग्न राहिलेलं. डोक्यावर विणलेली टोपी, टोपीखाली पट्टी.

"केस लावून घेतले," तो लाजत म्हणाला. "पुढच्या महिन्यात मुलगी बघायला जायचंय. इस्तंबूलला गेलो होतो. शनिवारी गेलो, बुधवारी परत. बसा ना, उस्ताद, काकडी घ्या."

अबू गालेबांनी काकडी घेतली. टेबलावर एक इवलासा चांदीचा पक्षी होता, डोक्यावर निळा तुरा. त्यांनी तो उलटा केला. तुऱ्याच्या भोकांतून मीठ पडलं. उस्ताद खूश झाले आणि सहा काकड्या संपवल्या.

"तिकीट कशावर काढलंत?" मुनीबने विचारलं.

"रोख पैसे मोजून. सगळ्यांत स्वस्त. एकतिसावी रांग, मधली सीट."

"जातायेता विमान भरलेलं?"

"मुंगीला जागा नव्हती."

"आणि येताना हे नाजूक डोकं?"

"डॉक्टरने बजावलं होतं, दहा दिवस डोक्याला कशाचाही धक्का लागता कामा नये. पण देवाची कृपा! आसपास कुणी फिरकलं नाही. शांत झोप लागली." शुक्रीने टोपी हलकेच चाचपली. "तुम्ही मुहन्नदला पकडा हो. तो पोरगा झोपेतही माइल्स मोजतो."

वरच्या मजल्यावर हैफा एका सुटकेसवर बसली होती. सुटकेस मिटत नव्हती आणि हैफा हार मानत नव्हती.

"शुक्रवारी कासाब्लांकाला निघालोय. मी आणि नवरा. त्याच्या चुलतभावाचं लग्न आहे."

"तिकिटं?"

"नवऱ्याच्या बोनसमधून."

"पावती?"

"मी काय भाजी विकते, पावत्या ठेवायला? आणि ऐका, त्या सुहैलाच्या माइल्सवर उडण्यापेक्षा मी वाळवंटातून चालत जाईन. वीस वर्षं तिच्या हातचा मकलूबा खातेय. वल्ला, वांगी कधी शिजलेली नसतात!" मग आवाज खाली आला. "सीरीनचं काय होणार पण? एकटी पोर."

मुहन्नद गच्चीवरच्या खोलीत राहायचा, दोन गल्ल्या पलीकडे. डोळे सुजलेले. एक भिंत तक्त्यांनी झाकलेली. लाल, हिरव्या, पिवळ्या शाईत आकडेच आकडे. समोरच्या फळीवर चांदीचे अकरा पक्षी रांगेत, सगळ्यांचे तुरे लाल.

"हुदहुदच्या मिठाच्या डब्या," तो म्हणाला. "बिझनेस क्लासमध्येच ठेवतात. मागे बसणाऱ्याला कागदाची पुडी. गेल्या महिन्यापासून तुरा निळा केलाय म्हणे. तो अजून नशिबात नाही."

"कुणाला भेट देतोस का यातली?"

"आईनं मागितली तरी देणार नाही."

"तू कुठे निघालास?"

"क्वालालंपूर. अनका कंपनीच्या माइल्सवर, पस्तीस हजारांत. हुदहुद त्याचेच साठ घेते!" बोलता बोलता पोरगा उठून भिंतीपाशी गेला आणि त्याचं रडं कुठल्या कुठे पळालं. "लोकांना वाटतं, सीट तीच म्हणजे भाव तोच. साफ खोटं! हे बघा हुदहुदचे दर, सगळे जाऊन-येऊन. इस्तंबूल मागे अठरा, पुढे सव्वीस. अनकावर तीच पुढची सीट चोवीसला. आफ्रिका सव्वीस, युरोप चौतीस. इथून अमेरिका किंवा कॅनडा ऐंशी, पण युरोपातून तेच चाळीस. आणि निघायला तीन दिवसांहून कमी असतील तर हुदहुद दर दुप्पट करते. तो भरणारा एक तर सुतकातला असतो, नाहीतर महामूर्ख."

"हे काय?" अबू गालेब तक्त्याला नाक लावून ओरडले. "मोरोक्को युरोपच्या रकान्यात?"

"उस्ताद, कंपनीच्या लेखी मोरोक्को युरोपातच आहे."

"छापण्यातली चूक आहे! एकोणतीस वर्षं मी मोरोक्को आफ्रिकेत शिकवलाय. तो तिथेच राहील!"

मुनीबने त्या रकान्याकडे बराच वेळ पाहिलं. लांब नाकाचं टोक किंचित लाल झालं. ओळखीच्यांना ठाऊक होतं, हे नाक लाल झालं की कुणाचं तरी तोंड पांढरं होतं.

जिना उतरताना अबू गालेबांनी त्याचा दंड धरला. "मुनीब, मला चोर सापडला. हैफा! कासाब्लांका आफ्रिकेत. आफ्रिका सव्वीस हजार. माणसं दोन. सव्वीस दुणे बावन्न! आहे की नाही?"

"गणित एकदम बरोबर," मुनीब म्हणाला. "हाज्जांना सांगा, आज दुपारी मकलूबा करा आणि सगळ्यांना बोलवा. मुहन्नदलासुद्धा."

दुपारी चारला हाज्जांच्या टेबलावर पातेलं आलं. तळाशी वांगी, वर कोंबडी, त्यावर भात. खायच्या आधी ते थाळीत उलटं करतात. हाज्जांनी पातेल्याला हात घातला तसा मुनीब म्हणाला, "थोडं थांबा. आधी मी काहीतरी उलटं करतो."

सगळे थांबले. दारापाशी मुहन्नद उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं.

"उस्तादांचा संशय हैफाबाईंवर आहे."

"काय?" हैफाने चमचा उचलला. उस्ताद खुर्चीसकट मागे सरकले.

"पण उस्तादांचा भूगोल देवाचा आहे, हुदहुदचा नाही. हुदहुदच्या हिशेबात मोरोक्को युरोपात. दोन माणसांचे अडुसष्ट हजार गेले असते. गेलेत बावन्न. हैफाबाई सुटल्या."

चमचा खाली आला.

"मुहन्नद. हुदहुदचे साठ लागतात तिथे हा अनकाचे पस्तीस देतो. शिवाय साठचे बावन्न होत नाहीत. आणि चोरी करणाऱ्याने हुदहुदचा चढा भाव निमूट मोजलाय. या घरात तुलना करता येणारा एकच माणूस आहे. म्हणून तोच एक जण चोर असू शकत नाही."

हाज्जांचा हात तोंडावर गेला.

"उरलं इस्तंबूल," शुक्री घाईने म्हणाला. "पण इस्तंबूल अठरा हजार! मुहन्नदचा तक्ता मलाही पाठ आहे."

"मागे अठरा. पुढे सव्वीस. आणि गुरुवारी काढून शनिवारी निघालात, म्हणजे तीन दिवसांच्या आत. दर दुप्पट. सव्वीस दुणे बावन्न. उस्तादांचंच गणित, फक्त माणसं दोन नव्हती, दर दोनदा होता."

"मी एकतिसाव्या रांगेत होतो!"

"मुंगीला जागा नसलेल्या विमानात, मधल्या सीटवर, तुमच्या आसपास कुणी फिरकलं नाही?" मुनीबने पातेल्याकडे पाहिलं. "जाऊ द्या. हाज्जा, भातात मीठ कमी आहे का?"

"न चाखताच बोलतो," हाज्जा पुटपुटल्या. पण अबू गालेब कोटाचे खिसे चाचपू लागले. मीठ म्हटलं की त्यांचा हात आपोआप चालायचा. त्यांनी काहीतरी बाहेर काढलं आणि कानापर्यंत लाल झाले.

"अरेच्चा. शुक्री, माफ कर बाबा. काकडीच्या नादात तुझा पक्षी माझ्याबरोबर आला."

चांदीचा हुदहुद टेबलावर उभा राहिला. तुरा निळा.

"तो... तो मुहन्नदने दिलाय मला!"

"माझे अकरा," दारातून मुहन्नद म्हणाला. "सगळे लाल."

भिंतीवरचं घड्याळही थबकलं म्हणतात. शुक्रीने टोपी काढून मांडीवर ठेवली. पट्टीच्या कडेला खुंटांच्या रांगा दिसत होत्या, नुकत्या लावलेल्या भातासारख्या.

"डॉक्टर म्हणाला, डोक्याला धक्का नको," तो म्हणाला. "मागच्या रांगेत वरून बॅगा पडतात, ताई. सगळे पैसे केसांत गेले होते. म्हटलं, तुझ्याकडे ब्याण्णव आहेत, थोडे कमी झाले तर कळणार नाही. सव्वीसच जातील असं वाटलं. दुपटीचं नंतर कळलं."

"कळल्यावर काय केलंस?" हाज्जांनी विचारलं.

"गप्प बसलो. आणि मुहन्नदचं नाव घेतलं."

हाज्जा उठल्या. दारापाशी जाऊन त्यांनी मुहन्नदचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कपाळावर इतक्या जोरात मुका घेतला की रस्त्यावरच्या फळवाल्याने वर पाहिलं. "बस, हबीबी. माझ्या शेजारी बस."

मग शुक्रीकडे वळून म्हणाल्या, "तुझे केस उगवतील. माझी लेक मात्र एकटी बाळंत होणार. इथून माँट्रियलचं तिकीट चौदाशे दिनारला आहे. तुझ्या खिशात चौदा तरी आहेत का?"

शुक्रीने दोन्ही खिसे बाहेर ओढून दाखवले.

"चौदाशे लागणार नाहीत," मुनीब म्हणाला. नाकाचा शेंडा आता भरबाजारातल्या टोमॅटोसारखा लाल होता. "मुहन्नद, युरोपातून माँट्रियल किती?"

"चाळीस हजार."

"आणि मोरोक्को कुठे आहे?"

मुहन्नदचं तोंड उघडलं ते मिटेचना. "युरोपात! आत्या, कासाब्लांकाहून माँट्रियलला हुदहुदच्या भागीदार कंपनीचं थेट विमान आहे. जाऊन-येऊन चाळीस हजार. तुझ्याकडे बरोबर चाळीस आहेत!"

"पण मी कासाब्लांकाला जाणार कशी?"

हैफाने घसा साफ केला. "आमच्याबरोबर. लग्न उरकलं की सोमवारी तुला विमानात बसवते. आणि कासाब्लांकापर्यंतचं जाण्यायेण्याचं तिकीट हा काढेल." तिने चमचा शुक्रीवर रोखला. "दुकानातले रेशमी पडदे विकून."

"आजच विकतो," शुक्री म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं पहिलं शहाणं वाक्य.

मुहन्नदने तिथेच मोबाइलवर तिकीट काढलं. कोड आला तो हाज्जांनी स्वतः वाचला, चष्मा लावून, एकेक आकडा मोठ्याने. शिल्लक: शून्य. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मग हाज्जांनी पातेलं उलटं केलं. मकलूबा बुरुजासारखा उभा राहिला, एक शीत ढळलं नाही. हैफाने वांगं तोंडात टाकलं, चावलं आणि खूप विचार करून म्हणाली, "शिजलंय."

अबू गालेब तेवढे उदास होते. घरी जाऊन त्यांनी जुन्या नकाशावर पेन्सिलीने मोरोक्कोपाशी बारीक अक्षरांत लिहिलं, 'फक्त तिकिटांपुरता युरोप'. खाली सही, तारीख.

चार आठवड्यांनी मुनीबच्या लंगड्या टेबलावरचा मोबाइल वाजला. फोटोत हाज्जा होत्या, खिडकीबाहेर बर्फ, आणि मांडीवर गाठोडं. गाठोड्यातून डोकावणाऱ्या डोक्यावर काळ्याभोर केसांचं रान, वर उभा राहिलेला तुरा.

खाली हाज्जांनी लिहिलं होतं: "शुक्रीला दाखवा. हिला फुकट मिळाले."