पलंगाशी पडलेली सावली

पांघरुणाच्या जाहिरातीसाठी त्याला संगणकावर लहान मुलीची खोली उभी करायची होती. वेळ थोडा, म्हणून त्याने स्वतःच्या घरातलीच खोली जशीच्या तशी उतरवली. तीच खिडकी, तोच पलंग, भिंतीशी तीच खेळण्यांची पेटी. पलंग रिकामा होता. जाहिरातीतली मुलगी त्यात नंतर बसवायची होती. त्याची स्वतःची मुलगी मात्र सकाळपासून तापाने फणफणून खऱ्या पलंगावर पडली होती, आणि त्याचं निम्मं लक्ष घरीच होतं.

दुपारी पहिली चौकट रेंडर होऊन, म्हणजे ऊन-सावलीसकट पूर्ण चित्र बनून, पडद्यावर आली. पलंगाच्या पायथ्याशी, फरशीवर, एका उंच माणसाची सावली पडली होती.

ऑफिसात त्याच्या शेजारी प्रकाशयोजना करणारा बसे. प्रत्येक दृश्यात ऊन तोच पाडायचा, म्हणून सगळे त्याला सूर्यदेव म्हणत. तो मान वळवून बघून हसला.

"मापाला माणूस उभा केला असशील. कॅमेऱ्यापासून लपवलास आणि त्याची सावली बंद करायला विसरलास. माझ्या एका वाळवंटात उंट नव्हता, पण उंटाची सावली मजेत चालली होती!"

त्यालाही हसू आलं. ही चूक इथे कोणाच्या हातून झाली नव्हती? त्याने दृश्यातली एकेक वस्तू तपासली. लपवलेलं काहीच निघालं नाही. माणूस तर त्याने मुळात घातलाच नव्हता.

"जरा ऊन काढ बघू," तो म्हणाला.

सूर्यदेवाने खिडकीतलं ऊन काढून टाकलं. खोली करडी झाली. खिडकीच्या गजांची सावली गेली, पेटीची गेली. ती एक तेवढी राहिली, होती तशी काळीभोर.

"हे माझं काम नाही बाबा," सूर्यदेव हळूच म्हणाला आणि खुर्ची मागे घेऊन उठला.

पुढच्या चौकटी येत राहिल्या. त्याने दृश्यात कशालाच हालचाल दिली नव्हती. तरी सावली सरकत होती. पलंगाच्या कडेकडेने ती उशाशी आली.

मग वाकली.

त्याने घरी फोन लावला.

"अगं, तिला उचल. बाहेर आण."

"अहो, आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा. दिवसभर मी उशाशी बसायचं आणि तुम्ही तिकडून हुकूम सोडायचे?"

"उचल म्हणतो ना!"

पलीकडे दार करकरलं.

पडद्यावर नवी चौकट तुकड्यातुकड्याने भरत होती. आधी खिडकी. मग पलंगाची कड. मग उशी.

उशीवर सावलीचा पंजा टेकला होता. कपाळ असतं, तिथे.

"घेतलंस का?"

"घेतलं हो." बायकोच्या आवाजात सुटकेचा श्वास होता. "जीव घाबरा केलात उगाच. ताप पार उतरलाय. कपाळ कसं गार लागतंय."

त्याची नजर पडद्यावरच्या पंजावर गेली.

"अहो," ती म्हणाली, "हातपायही."