जरा लक्ष ठेवाल?

दाराशी बसलायस तो, जरा आत सरक. हां. आता ऐका. ही गोष्ट मी कुठून ऐकून आलेलो नाही. ज्याच्यावर गुदरली त्याने स्वतः मला सांगितली, आणि सांगताना शेवटपर्यंत माझं मनगट धरून ठेवलं होतं. चाळिशीचा बाप्या, पण सोडायला तयार नाही.

त्याला आम्ही गार्ड म्हणतो. रेल्वेशी त्याचा कागदोपत्री काही संबंध नाही. दातांच्या डॉक्टरकडे कंपाउंडर आहे. पेशंटला खुर्चीत बसवायचं, गळ्यात तो कागदी रुमाल अडकवायचा, दिवा तोंडावर आणायचा आणि वर गोड बोलायचं, हे त्याचं काम. पण आगगाड्यांचं वेड असं की कुठली गाडी कुठल्या स्टेशनात किती मिनिटं थांबते ते त्याला झोपेत विचारा. महिन्यातून एकदा शनिवार-रविवारचा स्वस्तातला पास काढायचा. त्या पासावर दोन दिवस कुठल्याही पॅसेंजरमध्ये बसा, कितीदाही बसा. लॉजबिज काही नाही. घरून पाव, उकडलेली अंडी आणि थर्मासभर चहा. रात्र काढायची वेटिंग रूममध्ये.

बायको म्हणायची, "अहो, दोन दिवस गाडीत बसून परत घरीच यायचं, तर गेलात कशाला?"

हा म्हणायचा, "मी कुठे जायला जातो? मी बसायला जातो."

त्यांना चार वर्षांची मुलगी आहे. तिला तोंडावरून पांघरूण घेऊन झोपायची सवय. हा निघताना ती झोपलेली असली की हा हळूच पांघरूण खाली करायचा, नाकाला हवा लागू द्यायचा आणि मग बूट घालायचा. हेही त्यानेच सांगितलं.

तर गेल्या जानेवारीतला तिसरा शनिवार. एका जंक्शनवरून एक आडवाटेची लाइन फुटते. तिच्यावर एकाच डब्याची गाडी दिवसातून दोनदा जाते-येते. ती लाइन मार्चअखेर बंद होणार असं त्याने कुठेतरी वाचलं, आणि झालं. बंद व्हायच्या आत त्या गाडीत बसलंच पाहिजे. गाडी रविवारी पहाटे चार पस्तीसला. म्हणजे रात्र जंक्शनवर काढणं आलं.

तो उतरला बारा वाजून दहा मिनिटांनी. एकटाच. त्याला सोडून गाडी गेली आणि तिचा लाल दिवा धुक्याने गिळला. धुकं इतकं दाट की फलाट पाणी मारल्यासारखा ओला होता. माणूस म्हणाल तर एक स्टेशनमास्तर. म्हातारा, मफलर गुंडाळलेला, निवृत्तीला आलेला. गार्डने पास दाखवला, मोबाइल त्याच्या ऑफिसात चार्जिंगला लावला आणि वेटिंग रूमची चौकशी केली.

मास्तर जरा घुटमळला. म्हणाला, "इथेच बसा की. हीटर आहे."

"नको, तुम्हाला त्रास. मला जरा पाठ टेकायची आहे."

"बघा बुवा," मास्तर म्हणाला. "आता साडेचारपर्यंत एकही गाडी नाही."

"माहितीये," गार्ड म्हणाला. त्याला माहीत नसेल तर कुणाला असणार?

वेटिंग रूम फलाटाच्या टोकाला. उंच छत, खिडक्यांना गज, एकच दार, त्याला आतून कमरेच्या उंचीवर कडी. समोरासमोर दोन लांबलचक लाकडी बाकडी. बाकड्यांवर पांढऱ्या रंगाने एक ते आठ आकडे घातलेले, एकेका माणसाची जागा म्हणून. वर एक ट्यूब, ती मधूनमधून फडफडायची. गार्डने डाव्या बाकड्यावर बस्तान मांडलं. चहा प्यायला. पिशवी उशाला घेतली. दार नुसतं ओढून ठेवलं. त्याला डुलकी लागली.

दार करकरलं तेव्हा त्याने भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. दोन वाजून सात मिनिटं.

दारात एक बाई उभी होती. तिशीची असेल. करडा कोट, केस ओले. ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच समोरच्या बाकड्याकडे बोट दाखवून म्हणाली,

"दादा, जरा लक्ष ठेवाल? मी आलेच."

गार्डने वळून पाहिलं. समोरच्या बाकड्यावर, सात आणि आठ आकड्यांवर, एक मूल झोपलं होतं. तपकिरी ब्लँकेट डोक्यावरून घेतलेलं. आपल्याला डुलकी लागली तेव्हा हिने आणून निजवलं असणार, असं त्याला वाटलं. आपली पोरगी आठवली.

"हो हो, ठेवतो की," तो म्हणाला. "या तुम्ही सावकाश."

बाई गेली. दार अर्धं उघडं राहिलं. हा उठून बसला. एका माणसाने विश्वासाने काही सोपवलंय म्हटल्यावर झोपायचं कसं? बसून राहिला त्या ब्लँकेटकडे बघत. पाच मिनिटं झाली. दहा झाली.

आणि मग त्याच्या डोक्यात आलं, ही बाई आली कुठून?

बारा दहानंतर गाडी नाही. स्टेशनाबाहेर गाव नाही, नुसता माळावरचा रस्ता. पहाटेची गाडी पकडायला अडीच तास आधी, कडेवर मूल घेऊन, असल्या धुक्यात कोण येईल? नवऱ्याशी भांडून निघाली असेल बिचारी, असं त्याने मनाला समजावलं. मास्तरला सांगावं म्हणून तो उठणार, इतक्यात ब्लँकेटच्या आतून आवाज आला.

"गेली का ती?"

अगदी लहान मुलाचा आवाज. झोपाळू.

"जागा आहेस होय रे?" गार्ड म्हणाला. "येईल हं आई इतक्यात."

"ती माझी आई नाही."

गार्ड उठता उठता थांबला.

"काका, दार लावा ना. ती परत येईल. मला नेईल."

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणूस काय करेल? मूल पळवलेलं आहे, असंच कुणाच्याही मनात येईल. गार्डच्याही आलं. तो लगबगीने दाराकडे गेला, दार ओढलं, कडी घातली. ओढून बघितली. घट्ट.

मागे वळला.

मूल तसंच झोपलेलं. ब्लँकेट तसंच. फक्त... सहाचा आकडा दिसत नव्हता.

झोपेत पाय ताणले असतील. मुलं ताणतात. तो दाराशीच उभा राहिला. म्हणाला, "बाळा, तुझं नाव काय? घर कुठे तुझं?"



ट्यूब फडफडली. डोळ्याची उघडझाप व्हावी इतकाच अंधार.

पाचचा आकडा दिसत नव्हता.

 लहान पोर नव्हे, ते आता गार्डएवढं लांब झालं होतं. पण जाडी तेवढीच. हात-पाय कुठे आहेत ते कळत नव्हतं. ब्लँकेट वरखाली होत होतं. श्वासासारखं.

"काका," आतून आवाज आला. तोच. लहान मुलाचा. "तुमची मुलगी पण अशीच झोपते ना?"

गार्ड एक पाऊल मागे सरला.

"तोंडावरून पांघरूण घेऊन."

...

तेवढ्यात दारावर थाप पडली. हलकी. दोन बोटांची.

"दादा." बाईचा आवाज. "कडी का लावलीत?"

"उघडू नका," ब्लँकेट म्हणालं.

गार्डने दाराला पाठ टेकवली. डोळे बाकड्यावर. कसाबसा म्हणाला, "बाई, हे मूल तुमचं नाही म्हणतंय."

 मग ती अगदी हळू बोलली. फळीला तोंड लावून बोलावं तसं.

"मी मूल म्हटलं नव्हतं, दादा. मी म्हटलं, लक्ष ठेवा."

...

"तुम्ही नजर काढलीत का त्याच्यावरून?"

ट्यूब फडफडली.

चार.

"उघडू नका, काका. ती वाईट आहे."

"दादा, त्याच्याकडे बघत राहा. बघता बघता मागे हात घाला. कडी काढा."

"उघडू नका."

"कडी काढा, दादा."

आत एक. बाहेर एक. मध्ये हा. कुणाचं ऐकायचं?

आता ऐका, पोरांनो. गार्डला गाड्यांची माहिती होती, ती इथे कवडीचीही कामाची नव्हती. कामाला आला तो दातांचा दवाखाना. वीस वर्षं त्याने माणसांना त्या खुर्चीत बसवलंय. मी मुळीच घाबरलो नाही, असं म्हणणारा आतून किती घाबरलाय, ते त्याला नुसत्या आवाजावरून कळतं. त्याने दोन्ही आवाज ऐकले. बाहेरच्या आवाजात थरथर होती. ती बाई भ्यायली होती. या दारापाशी उभं राहायला भीत होती, तरी उभी होती.

आतला आवाज म्हणत होता मला वाचवा. पण त्या आवाजाला भीती नव्हती. जराही नव्हती.

गार्डने हात मागे नेला.

 कडी सापडेना. हाताला लाकूड लागलं... खिळा लागला... कडी लागली. ओढली. हलेना. आपणच ओढून घट्ट बसवलेली.

ट्यूब फडफडली.

तीन.

ब्लँकेटची कड जमिनीकडे घसरत होती. सावकाश.

कडी अर्धी सरकली.

ट्यूब गेली.

या वेळी परत आली नाही.

अंधारात बाकड्याचं लाकूड कुरकुरलं. वजन उठल्यावर कुरकुरतं तसं. मग जमिनीवर काहीतरी ओढल्याचा आवाज. जवळ. आणखी जवळ. आणि गार्डच्या कमरेइतक्या उंचीवरून, अगदी समोरून, तो झोपाळू आवाज म्हणाला...

काय म्हणाला ते गार्डने मला सांगितलं नाही. दोनदा विचारलं. दोन्हीदा त्याने नुसती मान हलवली.

कडी निघाली. दार बाहेर उघडलं आणि हा पाठीवर पडला फलाटावर. उठला तो पळतच सुटला. बाई दिसली नाही. तिला शोधायलाही थांबला नाही. मास्तरच्या ऑफिसात शिरला, दार लावलं आणि टेबलाखाली बसला. त्याची अक्षरशः बोबडी वळली होती. मास्तरने काहीही विचारलं नाही. पाण्याचा ग्लास पुढे केला. म्हणाला, "मी म्हटलं होतं, इथे बसा."

पुढे चार पस्तीसची ती एका डब्याची गाडी आली. गार्ड तिच्यात बसला. बसला म्हणजे काय, बसवला. ज्या लाइनसाठी एवढा खटाटोप केला, तिच्यावर खिडकीबाहेर काय दिसलं ते त्याला आजही आठवत नाही. संध्याकाळी घरी पोचला. मुलगी लवकर झोपली होती. तोंडावरून पांघरूण.

हा दारातच थांबला. बायको म्हणाली, "अहो, असे उभे काय?"

"तिचं पांघरूण काढ."

"तुम्हीच काढता ना रोज?"

"तू काढ," हा म्हणाला. "आधी तू काढ."

बायकोने काढलं. पोरगी गाढ झोपली होती. गाल लाल, नाकाला घाम. तेव्हा कुठे हा खाली बसला आणि रडला.

गाड्यांतून तो अजून हिंडतो. दिवसा. मुक्कामाला कुणा ओळखीच्याकडे जातो, नाहीतर रात्रीच्या आत घरी.

पण त्या रात्रीचं एक सांगायचं राहिलंच. गाडी यायच्या आधी, तीनच्या सुमाराला, मास्तर टॉर्च घेऊन त्याला परत तिकडे घेऊन गेला होता. त्याची पिशवी आत होती. वेटिंग रूम सताड उघडी. ट्यूब लख्ख चालू. बाकडं रिकामं, एकपासून आठपर्यंत सगळे आकडे स्वच्छ दिसत होते. मास्तरने पिशवी आणून दिली, दार लोटलं आणि बाहेरून कुलूप घातलं. मग टॉर्च खाली केला.

फलाट धुक्याने ओलाचिंब. त्यावर गार्डच्या पळत्या बुटांचे ठसे. आणि उंबऱ्यासमोर, बोटं दाराकडे असलेली, बाईमाणसाची दोन अनवाणी पावलं. कोरडी. चहूबाजूंनी ओलं आणि तेवढीच दोन कोरडी. येतानाचं पाऊल नाही. जातानाचं नाही.

गार्डने मास्तरकडे पाहिलं.  भिंतीला टांगलेली बादली मास्तरने काढली, नळावर भरून आणली आणि त्या पावलांवर ओतली.

पाणी फलाटभर पसरलं. त्या दोन पावलांना वळसा घालून गेलं.