सात सेकंदांचं हसू

कंपनीचं पत्र आलं तेव्हा म्हातारा चपलेचा अंगठा शिवत बसला होता. पत्र मुलीनं वाचलं.

"बाबा, कंपनी जुन्या वस्तूंचं दालन काढतेय. आईच्या हसण्याची टेप सापडलीय. ओळख पटवायला तुम्हाला बोलावलंय."

"जिवंत होती तेव्हा चाळीस वर्षांत कुणी विचारलं नाही. आता ओळख हवी."

"जा ना तुम्ही. आणि माझ्या फोनमध्ये ते हसू भरून आणा. मला एकदा नीट ऐकायचंय."

मुलीनं हे खाली बघत सांगितलं. म्हाताऱ्याला ते खटकलं, पण खटकलेल्या प्रत्येक गोष्टीचं लोणचं घालायला त्याला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी जेवण उरकून, तिचा फोन खिशात टाकून त्यानं बस पकडली.

कारखान्यात त्याला घार म्हणायचे. चौतीस वर्षं त्यानं एकच काम केलं. समोर पांढरा उजेडाचा पडदा, त्याच्यापुढून पट्ट्यावर सरकणाऱ्या नारिंगी सरबताच्या बाटल्या, आणि ह्याची नजर. बाटलीत माशी, काचेचा कण, बुचाची चिंधी, काही दिसलं की बाटली बाजूला. वीस मिनिटं बघायचं, मग जागा सोडायची, कारण त्यापुढे डोळा नुसता उघडा राहतो, बघत नाही. त्या वीस मिनिटांत नजर हलवायची नाही. शेजारी आग लागली तरी नाही. घारीच्या हातून खराब बाटली बाहेर गेली असं कुणी शपथेवर सांगू शकलं नसतं.

त्याची बायको त्याच कारखान्यात, बुचांच्या खात्यात. एकदा रेडिओवरच्या जाहिरातीसाठी शहरातून नट्या आणल्या होत्या. बाटली उघडायची, पेल्यात ओतायची आणि हसायचं, एवढंच काम. दिवसभर हसून बिचाऱ्यांचे जबडे दुखले, पण जाहिरातवाल्या साहेबांना एकही हसू पसंत पडेना. तेवढ्यात पलीकडच्या शेडमधून कुणीतरी हसलं. साहेब उठून बघायला गेले. ही होती.

सात सेकंद. बूच उडाल्याचा आवाज, फेसाची सरसर आणि तिचं हसू. तेवढ्यावर कंपनीनं राज्य केलं. सिनेमा सुरू होण्याआधी ते हसू वाजायचं आणि अख्खं थिएटर त्याच्याबरोबर हसायचं. पोरी आरशापुढे उभ्या राहून त्याचा सराव करायच्या. नकलाकारांचं त्यावर पोट चालायचं. पत्र्याच्या पाट्यांवर चेहरा नसायचाच, नुसतं उघडं तोंड आणि दातांची ओळ. बघणाऱ्याच्या कानात बाकीचं आपोआप वाजायचं.

हसू टेपवर घेतलं त्या संध्याकाळी हा घरी आला तो धुमसतच. म्हणाला, "गावभर हसून झालं ना? आता घरात दात काढायची गरज नाही."

बोलून गेला. त्याचं बोलणं असंच, आधी दगड मारायचा आणि मग कुणाला लागला ते बघायचं.

दुसऱ्या दिवसापासून ती घरात मुकी हसायला लागली. तोंड उघडायची, खांदे हलायचे, डोळ्यांतून पाणी यायचं, पण आवाज नाही. बाकी बोलणं खणखणीत. भांडायला लागली की भांडी हलायची. हसू तेवढं मुकं. ह्यानं ओळखलं, बाई सूड उगवतेय. हाही सुक्या लाकडाचा, विचारलं नाही. रेडिओवर बूच उडाल्याचा आवाज आला की खुंटी पिळून तो बंद करायचा, थिएटरात पाय ठेवायचं त्यानं सोडूनच दिलं. एक्केचाळीस वर्षं गेली. तीन महिन्यांपूर्वी तीही गेली. आता म्हाताऱ्याच्या घशात एकच काटा होता. ही बाई आपल्यापायी जन्मभर मोकळं हसली नाही का?

फाटकावर नवा पहारेकरी होता. त्यानं ओळखपत्र मागितलं.

"ह्या फाटकातून मी पहिल्यांदा आत गेलो तेव्हा तुझा बाप पाळण्यात होता," म्हातारा म्हणाला आणि तरातरा पुढे घुसला. तिथे हल्ली फिरता दांडा बसवलाय. दांडा पोटात बसला, पिशवी अडकली, आणि घार मध्येच लटकली.

"काका, ती बाहेर जायची बाजू आहे," पहारेकरी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला.

जुन्या वस्तू ठेवल्या होत्या पूर्वीच्या पाकाच्या खोलीत. साखरेचा पाक इथे उकळायचा. खोलीला खिडकी नाही. बाहेर टळटळीत दुपार, आत पाऊल टाकलं की अंगावर थंड अंधार. भिंतींत मुरलेला गोड वास अजून होता, आणि त्यावर आंबट, शिरक्यासारखा दुसरा वास. जुन्या फिल्मा कुजताना असा वास येतो म्हणे. एक यंत्र हवा थंड करत घुमत होतं. कपाटांत बाटल्या, कॅलेंडरं, खेळण्यातले ट्रक, पोरं जमवायची ती चित्रांची बुचं. भिंतीला टेकवून पत्र्याच्या पाट्या ठेवल्या होत्या, एकामागे एक. उघडी तोंडं. आवाज कुठेच नाही.

तिथलं दप्तर सांभाळणारी बाई तिशीची असेल. म्हाताऱ्यानं मनात तिचं नाव दप्तरवाली ठेवलं. तिनं त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग स्वतःच ते पाणी पिऊन टाकलं.

"काका, आधी एक सांगते. डब्यावर सात सेकंद लिहिलंय. आत हे निघालं."

ताटाएवढं रीळ होतं.

"कुणीतरी पुढे दुसरं काही जोडलं असेल."

"जोड नाही कुठे. भिंगाखाली बघितलं. आणि..." तिनं दाराकडे पाहिलं. "गेल्या सोमवारी हे एवढं नव्हतं."

"टेप काय पोर आहे, वाढायला?"

ती हसली नाही. तिनं त्याच्या कानांवर हेडफोन ठेवले, स्वतःही लावले आणि रीळ सुरू केलं.

बूच उडालं. फेस सरसरला. आणि ती हसली.

एक्केचाळीस वर्षांनी. म्हाताऱ्यानं खुर्चीचे हात धरले. तो आवाज कसा होता हेच तो विसरला होता, आणि विसरला होता हेही त्याला माहीत नव्हतं. आधी घशात अडकलेला, मग एकदम सुटलेला, शेवटी श्वास संपल्यावर एक बारीकशी उचकी. सात सेकंद झाले. मग नुसती खरखर.

म्हातारा हेडफोन काढणार तोच ती पुन्हा हसली.

हे हसू निराळं होतं. मागे भांडं पडल्याचा आवाज, आणि एक पुरुष चिडून बोलत होता, "हसायला काय झालं? खुर्चीचा पाय मोडलाय, माझा नाही."

आवाज म्हाताऱ्याचाच होता. ती खुर्ची त्याला आठवत होती. तो खाली बसलेला, ती दारात तोंडावर पदर धरून, खांदे हलताहेत, आवाज नाही.

इथे आवाज होता. पोटभर.

खरखर. मग पुन्हा. एक लहान मूल बोबडं बोलतंय, "बाबा पल्ला, बाबा पल्ला," आणि ती हसतेय. मग न्हाणीघरात साबणाशी झटापट, तिचं हसू. त्यानं स्वतःच कापलेल्या मिशा, एक बाजू तोकडी, तिचं हसू. तेव्हा म्हाताऱ्यालाही आवरलं नाही, तो त्या खोलीत बसून तिच्याबरोबर मोठ्यानं हसला. किती वर्षांनी, त्यालाच ठाऊक. दप्तरवालीनं आधी त्याच्याकडे, मग फिरत्या रिळाकडे पाहिलं.

हसू हळूहळू म्हातारं होत गेलं. मग खोकला मिसळला. दवाखान्यातल्या पंख्याची कटकट ऐकू आली, आणि उशीवरून नर्सशी भांडणारा तो स्वतः. ती हसली, क्षीण, उचकीसकट. ते शेवटचं. त्या रात्रीच ती गेली होती.

म्हाताऱ्यानं यंत्राकडे हात नेला. दप्तरवालीनं तो अलगद धरला.

"अजून आहे, काका."

खरखर चालू होती, तिच्यात पुसटसं, एकटंच एक हसू पुन्हा पुन्हा येऊन गेलं. मग लोखंडी दांडा खडखडला. "तुझा बाप पाळण्यात होता," म्हाताऱ्याचा आवाज म्हणाला. "काका, ती बाहेर जायची बाजू आहे." आणि ती हसली. खोकला नाही, क्षीण नाही. तरुणपणीचं, खळखळून, इतकं जवळून की म्हाताऱ्याचा डावा खांदा आपोआप आकसला.

टेपचं टोक सुटलं आणि रीळ फटफट फिरत राहिलं. ते थांबवायचं दोघांनाही सुचलं नाही.

"हे... हे तर आत्ताचं," तो म्हणाला.

"कपाट सकाळपासून बंद होतं. किल्ली माझ्या गळ्यात आहे."

"ती गेली. मी स्वतः... मी तिथे होतो."

"मला माहीत नव्हतं घर कुणाचं आहे. नुसतं एक घर ऐकू येत होतं, आणि एक माणूस सतत चिडलेला. मग डब्याच्या तळाशी कागद सापडला."

म्हातारा कागदाकडे बघत नव्हता. त्याच्या डोक्यात दुसरंच फिरत होतं. "म्हणजे ती हसायची. प्रत्येक वेळी हसायची. मग मला का नाही ऐकू आलं?"

तिनं कागद पुढे सरकवला. म्हाताऱ्याचं शिक्षण सहीपुरतं. बोट ठेवून, एकेक अक्षर फोडत त्यानं वाचलं. माझ्या पत्नीचं हसू मी कंपनीला कायमचं देत आहे. यापुढे त्यावर माझा कोणताही हक्क राहणार नाही.

खाली सही. त्याची.

"माझा," तो म्हणाला.

"हो. त्या काळी बाईच्या वतीनं नवऱ्याची सही घ्यायचे. त्यांचं नाव कुठेच नाही, काका. दिलंत तुम्ही. गेलं ते फक्त तुमचं."

त्याला आठवलं. वीस मिनिटं संपली नव्हती. पट्टा चालू होता. कुणीतरी शेजारी येऊन म्हणालं, इथे सही करा, जाहिरातीचं आहे. ह्याची नजर बाटल्यांवर. हात बाजूला नेला, पेन बोटांत आलं, सही झाली. मान वळवली नाही. कधीच वळवत नसे, तोच त्याचा मान होता. एवढ्या बाटल्या तपासल्या आणि एक कागद न बघता जाऊ दिला.

"फाडा हा. रद्द करा."

"कोण करणार? ज्यांनी लिहून घेतलं त्यांच्या तसबिरी जिन्यात टांगल्यात." तिचा आवाज अगदी खाली आला. "आणि फाडला तर काय होईल... मला नाही ठाऊक. तुम्ही फाडता?"

म्हाताऱ्यानं हात मागे घेतला.

फोनमध्ये फक्त पहिले सात सेकंद उतरले. पुढचं उतरवायला गेलं की नुसती खरखर येत होती.

घरी पोचला तेव्हा ऊन भिंतीवरून अजून उतरलं नव्हतं. मुलगी दारातच उभी होती. तिनं फोन घेतला, कानाला लावला आणि डोळे मिटले. म्हाताऱ्यालाही ऐकू आलं, बूच, फेस, हसू, उचकी.

"हीच," ती म्हणाली. "अगदी हीच." आणि तिनं फोन बंद करून टेबलावर पालथा ठेवला.

म्हातारा चपला न काढताच बसला. "चाळीस वर्षं मला वाटत होतं, तुझी आई मला खिजवायला मुकी हसते."

"मुकी? आई? अहो, जिन्यापर्यंत ऐकू जायची. शेजारच्या काकू भिंत थापटायच्या. तुम्हीच एक, ती हसली की भिंतीसारखे बघत बसायचात. मी लहानपणी विचारलं होतं तिला, बाबांना राग येतो का गं? म्हणाली, येऊ दे, माणूस रागावला की अजून हसू येतं."

म्हाताऱ्यानं चेहरा दोन्ही हातांत घेतला. घशातला काटा निघाला होता, पण रक्त आता येत होतं. ती हसत होती. त्याच्याच घरात, त्याच्याच वेडेपणावर, जन्मभर.

मग त्यानं मान वर करून मुलीकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती.

"बाबा... म्हणजे तुम्हाला आत्ताही ऐकू येत नाही?"

"आत्ता काय?"

"तीन महिने. रोज. मला वाटलं तुम्हालाही येतं आणि तुम्ही बोलत नाही, म्हणून मीही गप्प राहिले. पण मग भीती वाटायला लागली... हा आवाज तिचाच आहे, की तिच्यासारखा दुसऱ्या कुणाचा. म्हणून तुम्हाला पाठवलं."

"काय बोलतेस हे..."

तिनं बोट उचललं. थांबा.

म्हातारा ऐकू लागला. काही नव्हतं. मग तो स्वयंपाकघराकडे बघू लागला, जसा पट्ट्यावर बघायचा, पापणी न हलवता. शेगडी. पालथी घातलेली भांडी. नळाच्या टोकाला लोंबणारा थेंब. असायला नको असं तिथे काहीही नव्हतं.

"मला काही ऐकू येत नाही, पोरी."

मुलगी एक पाऊल मागे सरकली, बापापासून.

"रोज ती एकटी हसते," ती म्हणाली. "आज एकटी नाही."

"कोण आहे?"

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुम्ही."

म्हाताऱ्यानं हात वर नेऊन तोंड चाचपलं. ओठ मिटलेले होते.