शेवटच्या बाकापर्यंत

रोहा-पेण एसटी नागोठण्याला थांबली, तेव्हा हेमांगी खिडकीकडे तोंड करून पुटपुटत होती. "आज आपण हृदयाचे ठोके... आज आपण..." पुढचं वाक्य येईना.

"पुन्हा तिथंच अडकलात," शेजारून आवाज आला.

ती दचकली. कॉलेजातलाच होता — प्रणित, सामाजिक वैद्यकशास्त्र विभागातला. रोह्याकडच्या आरोग्य केंद्रातली ड्युटी संपवून परतत होता. आजवर दोघांची ओळख जिन्यात मान हलवण्यापुरतीच; पण तो दिसला नाही, की तिला चुकल्यासारखं वाटायचं.

तिला हसून टाळायचं होतं; जमलं नाही. पेणजवळच्या त्या मेडिकल कॉलेजात ती शरीरक्रियाशास्त्र शिकवायची. गेल्या आठवड्यात दीडशे मुलांसमोर ती मधेच गप्प झाली होती. पुढचे मोबाइलमध्ये, मागचे झोपेत. आपलं कुणीच ऐकत नाही हे दिसलं आणि तिचा घसाच बंद झाला. उद्या विभागप्रमुख मॅडम स्वतः मागे बसणार होत्या. पुन्हा तसंच झालं, तर नोकरी जाणार होती. तिनं त्याला सगळं सांगून टाकलं.

"तासभर एकटीनं बोलायचं म्हणजे कुणाचाही घसा सुकंल," प्रणित म्हणाला. "त्यांना बोलायला लावा ना. पेशंट समोर बसवा, प्रश्न टाका."

"आणि गोंधळ झाला... हॉल आवरलाच नाही तर?"

"नाय आवरला, तर मी हाय."

"तुम्ही?"

"पेशंट म्हणून," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच नजर चुकवली.

दुसऱ्या दिवशी प्रणित व्यासपीठावरच्या खुर्चीत बसला. हेमांगीनं थरथरत्या आवाजात सगळ्यांना शेजाऱ्याची नाडी मोजायला सांगितलं. एकदम गलका उसळला. मॅडमनी भुवया उंचावल्या. हेमांगीला पळून जावंसं वाटलं. टेबलाची कड धरून ती थांबली. मग हात वर केला. हळूहळू हॉल शांत झाला.

तिनं प्रणितचं मनगट धरलं.

"एकशे वीस," ती म्हणाली. "ताप नाही, धावून आलेले नाहीत. मग का? शेजाऱ्याशी बोला आणि सांगा."

रक्त कमी असेल, थायरॉइड असेल, चहा जास्त झाला असेल... उत्तरं येत राहिली. मागच्या वेळी झोपलेली मनस्वी शेवटच्या बाकावरून उठली. "मॅडम, घाबरलेत ते."

हॉल हसला. घाबरल्यावर हृदय का धावतं, हे हेमांगी सांगू लागली, आणि तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला. जाताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "सोमवारचा तासही तुम्हीच घ्या."

व्हरांड्यात प्रणित थांबला होता.

"नाटक छान केलंत," ती म्हणाली.

"नाटक नव्हतं. त्या मुलीनं बरोबर ओळखलं." तो अडखळला. "लग्नाचं विचारलं, तर तुम्ही नाय म्हणाल, याचीच भीती... कधीपासूनची. आम्ही खाडीकाठचे, मिठागरात राबणारे. तुमच्या घरी सगळे शिक्षक, वकील."

बाबांचा चेहरा हेमांगीच्या डोळ्यांपुढे आला. ते काय म्हणतील, तिला खरंच ठाऊक नव्हतं.

"मला फार भीती वाटतेय, प्रणित."

"मग राहू दे..."

"राहू दे नाही." तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. "रविवारी आमच्या घरी, वरसेला या. आईला मी सांगून ठेवते. बाबांशी तुम्ही बोला — मी तुमच्या शेजारी उभी राहीन."